पाच वर्ग, दोन दिवस आणि शेततळ्यातली कोल्हीण

सुमनताई म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. शाळेत विज्ञान शिकवतात आणि येत्या मे महिन्यात निवृत्त होतायत. निवृत्तीच्या तोंडावर माणसं अष्टविनायक करतात, नाहीतर सरळ केरळ गाठतात. आमच्या ताईंनी जाहीर केलं की पृष्ठवंशीय प्राण्यांचे पाचही वर्ग एका सहलीत बघायचे. मासे, उभयचर, सरीसृप, पक्षी, सस्तन. तक्त्यावर नाही, प्रयोगशाळेतल्या बरणीत नाही, पिंजऱ्यात तर नाहीच.

"आयुष्यभर पोरांना पाठ करायला लावलं, पाठीला कणा असलेले ते पृष्ठवंशीय. आता जरा भेटून येते त्यांना," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बघितलं. कारण गाडी मी चालवते.

आता माझी ओळख. मी वैशाली. नाशिकला गंगापूर रोडवर माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे, आणि पाल दिसली की मी खुर्चीवर चढते. या ब्लॉगवर आजवर मी देवळं, घाट आणि मिसळी यांच्यापलीकडे काही लिहिलेलं नाही. तरी हो म्हटलं, कारण फेब्रुवारीची हवा छान होती आणि लग्नसराईची शिलाई अजून सुरू व्हायची होती. नांदूर मधमेश्वरला पक्षी बघायचे म्हणून कोणी इथे आलं असेल, तर त्यांच्या कामाची माहिती सुरुवातीलाच आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी जे झालं त्यातून मात्र मी अजून सावरलेले नाही, आणि ते सांगितल्याशिवाय ही सहल लिहिताच येत नाही.

तर रस्ता. नाशिकहून संभाजीनगर रस्त्याने निघायचं, चांदोरीवरून निफाड, तिथून उजवीकडे नांदूर मधमेश्वर. उजाडता उजाडता निघालात तर पक्ष्यांची सकाळ सापडते. आम्ही निघालो नऊला, कारण ताईंना मिसळ खाल्ल्याशिवाय शहर सोडायचं नव्हतं. चांदोरीच्या पुढे दोन्ही बाजूंना द्राक्षबागा लागतात, त्यावर पांढऱ्या जाळ्या ताणलेल्या, मधूनमधून कांदा आणि ऊस. रस्ता ठीक आहे, पण उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकलात तर शांतपणे गाणी ऐका. त्याला दोन ट्रॉल्या असतात आणि आरसा एकही नसतो.

धरणाच्या अलीकडे रस्त्याकडेला मासे विकणाऱ्या बायका बसतात. ताईंनी गाडी थांबवायला लावली. एका टोपलीत काळपट, लांबोडका, सापासारख्या डोक्याचा मासा पडला होता. आजूबाजूचे मासे केव्हाच गप्प झालेले, हा मात्र जबडा हलवत आमच्याकडे बघत होता.

"मरळ हाय," विकणारी बाई म्हणाली. "सकाळधरनं भायेर हाय. अजून मरायचं नाव नाय."

"याला हवेतून श्वास घेता येतो," ताई एकदम वर्गात शिरल्या. "नुसत्या कल्ल्यांवर याचं भागत नाही. मधूनमधून वर येऊन हवा घ्यावी लागते. ती मिळाली नाही तर हा पाण्यात गुदमरून मरतो."

"मासा? पाण्यात? गुदमरून?"

"मंग! जाळ्यात खाली अटकला तर जातो मरून," बाई म्हणाली आणि माझ्या तोंडाकडे बघून हसायला लागली. मला खरंच धक्का बसला. मासा बुडून मरू शकतो, ही गोष्ट इतक्या वर्षांत मला कोणी सांगितली नव्हती. आपण कशावर विश्वास ठेवायचा मग? ताईंनी एक बोट मिटलं. मासे झाले.

पक्ष्यांसाठी आम्ही चापडगावच्या बाजूने आत गेलो. तिकीट अगदी थोडं आहे. वाटाड्या दुर्बिणीसकट मिळतो, त्याचे पैसे आधी विचारून घ्या आणि तो घ्याच, नाहीतर सगळे पक्षी बदकच वाटतात. टोपी न्या, पाणी न्या, भडक कपडे नकोत. मी लाल पंजाबी ड्रेस घातला होता, त्यावरून ताई अख्खा रस्ता बोलल्या. मनोऱ्यावर चढलो तर समोर पाणी आणि पाण्यावर नुसती पाखरं. चित्रबलाक, शेकाट्या, जांभळ्या पाणकोंबड्या, आणि लांबवर थव्यांनी बसलेली बदकं. आमचा वाटाड्या तिथलाच, शेती करून हे काम करणारा. त्याने दुर्बीण लावून दिली आणि म्हणाला, "तो पानावर चालतोय बघा, कमळपक्षी. ह्याच्यात बाईमाणूस अंडी देतं आणि निघून जातं. उबवायचं, पिल्लं सांभाळायची, सगळं बापाकडं."

"आणि ती कुठे जाते?"

"दुसऱ्या नराकडं."

मी दुर्बिणीतून डोळा काढून ताईंकडे बघितलं. "आणि तळ्यातली बाकीची मंडळी काही बोलत नाहीत?"

ताई हसल्या नाहीत. त्या पाण्यावरच्या थव्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, "यांची हाडं पोकळ असतात गं, हवा असते त्यांच्यात. मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. पण ती अशी उठताना मी कधी उभं राहून बघितलीच नव्हती." तेवढ्यात थवा उठला, आणि ताईंनी माझ्या हातातली दुर्बीण काढून घेतली.

मुक्काम होता ताईंच्या मामेभावाकडे, भाऊसाहेबांकडे. गोदाकाठच्या एका गावाबाहेर त्यांची वस्ती आहे. द्राक्षबाग, थोडा कांदा, थोडा ऊस आणि घराच्या मागे मोठं शेततळं. शेततळं माहीत नसणाऱ्यांसाठी सांगते. चारही बाजूंनी मातीचा उंच बांध घालतात, आत काळा प्लास्टिकचा कागद अंथरतात आणि कालव्याचं आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, आली की भरून घेतात. पुढे उन्हाळ्यापर्यंत बाग त्या पाण्यावर जगते. कागद इतका गुळगुळीत असतो की आत पडलेल्याला बाहेर येता येत नाही. भाऊसाहेबांनी गाडीतून उतरताच पहिली ताकीद तीच दिली, "वहिनी, बांधावर फोटो काढायला जाऊ नका बरं का."

आमचं जायचं निमित्त आणखी एक होतं. त्यांची मुलगी अश्विनी बाळंतपणाला माहेरी आली होती. तिला सव्वा महिना झाला होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाळाला घेऊन पहिल्यांदा उंबऱ्याबाहेर पडणार होती, पाण्याच्या पूजेला. पूर्वी ही पूजा विहिरीवर व्हायची. आता विहीर आटलेली, म्हणून पाच खडे मांडायचे ते शेततळ्याच्या काठी. माझ्या शहरी डोक्याला जरा गंमत वाटली. मंगल म्हणाली, "पाणी जिथं, तिथं पूजा."

मंगल म्हणजे भाऊसाहेबांची बायको. आम्ही पोचलो तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत मातीने भरलेले. दुपारभर ती बांधावर होती. गवत काढलं, पायवाट झाडली आणि बाहेरच्या अंगाला जेवढी बिळं दिसली तेवढी दगड-माती घालून ठोकून बुजवली. तसं दर आवर्तनाला बुजवावीच लागतात, नाहीतर घुशी बांध पोखरतात आणि पाणी झिरपतं. पण या वेळी कारण वेगळं होतं.

"पोरगी बाळ घिऊन उभी राहणार तिथं," ती म्हणाली. "बिळात काय असंल काय नाय. मागच्या उन्हाळ्यात घोणस निघाली होती."

आम्ही सगळ्यांनी मान डोलावली. ताईंनीसुद्धा.

घोणशीची गोष्ट भाऊसाहेबांनी जेवताना सांगितली. बाजरीची भाकरी, पातीच्या कांद्याची भाजी आणि ठेचा, आणि त्यावर हे. छाटणीच्या काड्यांच्या ढिगात घोणस होती. ढीग उचलला तर तिच्या भोवती वीतभर लांबीची पिल्लंच पिल्लं, नुकती जन्मलेली, ओली.

"अंड्यातून निघालेली," मी म्हटलं.

"अंडी कुठली! पिल्लंच देती ती."

मी ताईंकडे बघितलं. त्यांनी घास गिळला आणि मान हलवली. "सगळे साप अंडी घालत नाहीत. घोणशीची पिल्लं पोटातच वाढतात आणि जिवंत बाहेर येतात. आणि जन्मल्यापासून विषारी असतात." माझी भाकरी तिथेच थांबली. ट्यूबलाइटजवळ बसलेल्या पालीकडे ताईंनी बोट दाखवलं आणि म्हणाल्या, सरीसृपाचं काम हिच्यावर भागवू, घोणस राहू दे. मी त्याला मनापासून पाठिंबा दिला.

उभयचर जेवणाआधीच होऊन गेले होते. मी हात धुवायला न्हाणीघरात गेले, नळाला हात लावला, तर नळच माझ्या मनगटावर उडाला. झाडावरचा बेडूक. चिकट, थंड, फिकट तपकिरी. मी अशी किंचाळले की भाऊसाहेब काठी घेऊन आले. ताई आल्या त्या चष्मा पुसत. "हलू नकोस, हलू नकोस. बघ, तो तुझ्या ओल्या हाताला का चिकटलाय? बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. कातडीतून घेतो." म्हणजे तो माझ्या हातावर बसून पाणी पीत होता. हे कळल्यावर मी जो हात झटकला, त्यात साबणदाणी फुटली.

जेवण झाल्यावर मंगलने अश्विनीला अळिवाची खीर दिली आणि समोर बसून संपवायला लावली. बाळ रडायला लागलं तशी अश्विनीने पदराखाली घेतलं. ताईंनी पाचवं बोट मिटलं.

"झालं. सस्तन. पिल्लाला दूध पाजतं ते सस्तन, बाकी सगळं नंतर. संपली आपली सहल."

"आत्या, मला प्राण्यांत धरलं तुम्ही," अश्विनी म्हणाली आणि आम्ही सगळ्या हसलो. मंगल सगळ्यांत जास्त हसली.

सकाळी आम्ही मिरवणूक काढल्यासारख्या निघालो. पुढे मंगल ताट घेऊन, मागे नव्या साडीत अश्विनी, कानाला रुमाल बांधलेली, छातीशी दुपट्यातलं बाळ. मागे ताई आणि मी. भाऊसाहेब पाण्याची मोटार बघायला आधीच गेले होते. आम्ही बांधाच्या पायथ्याशी पोचलो तर ते वरून ओरडले, "थांबा! वर येऊ नका! आत जनावर पडलंय."

कोणी सांगून ऐकतं का? मी चढले. आणि मला आधी वाटलं कुत्रं आहे.

कोल्हीण होती. काळ्या कागदाला लागून पाण्यात पोहत होती. नाक आणि डोळे तेवढे वर. कागदावर पंजे टाकायची, अर्धी बाहेर यायची आणि घसरून परत पाण्यात. पंजे टाकायची, घसरायची. आवाज काहीच करत नव्हती, नुसतं नखांचं कागदावर घासणं ऐकू येत होतं. किती वेळ चाललं असेल हे, देव जाणे. इतक्या शांतपणे बुडणारी गोष्ट मी कधी बघितली नव्हती.

"द्राक्षं खायला आली असंल," भाऊसाहेब म्हणाले. "लय शहाणी जात. साखर भरल्याबिगर घडाला तोंड लावीत नाय." पण बोलता बोलता ते धावत सुटले होते. मी म्हटलं, बागेवरची जाळी टाकू या. ताई म्हणाल्या, नको, पाय गुंततील आणि बुडेल. वनखात्याला फोन लावला तर गाडी दुसऱ्या तालुक्यात बिबट्यामागे गेलेली, दुपार होईल म्हणाले. शेवटी भाऊसाहेबांनी कांद्याची रिकामी बारदानं आणली, लाकडी शिडीला गुंडाळून सुतळीने आवळली आणि दोरखंड बांधून शिडी हळूच आत सोडली. शेततळंवाल्यांनो, एक करा. एक जाड दोर किंवा बारदान बांधलेली शिडी कायम आत सोडून ठेवा. माणसासाठी, जनावरासाठी, कोणासाठीही.

आम्ही लांब सरकलो. तिने शिडीकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं, परत कागदावर पंजे मारले. मग नखं बारदानात अडकली. एक पाय, दुसरा पाय. वर आली तेव्हा तिला उभं राहता येत नव्हतं. मागचे पाय थरथरत होते. अंग झटकलं, आणि मी टाळ्या वाजवणार तेवढ्यात अश्विनी खालून म्हणाली, "आई, तिला दूध आलंय."

मला काही कळलं नाही. आम्ही सगळे तिचे दात बघत होतो, नखं बघत होतो. अश्विनीने पोट बघितलं होतं. ओल्या केसांतून तिची आचळं लोंबत होती, भरलेली, ताणलेली.

आता ती पळेल असं आम्हाला वाटलं. सुटलेलं रानटी जनावर पळतंच. ती पळाली नाही. बांधाच्या बाहेरच्या अंगाने खाली उतरली, आमच्यापासून वीस-पंचवीस पावलांवर, एका जागी गेली आणि पुढच्या पायांनी माती उकरायला लागली. मध्येच थांबून आमच्याकडे बघायची. उकरायची. त्याच जागी बांधाच्या माथ्यावरही ओरखडे होते, ओली माती उपसलेली. म्हणजे खालून जमलं नाही म्हणून ती वरून खणत होती, आणि तिथूनच आत घसरली होती.

ताट खाली ठेवल्याचा आवाज झाला. मंगल ताटाशीच खाली बसली.

"तिथंच," ती म्हणाली. "तिथंच काल मी दगड घातला. घुशीचं समजून."

आदल्या संध्याकाळपासून तिथे आत पिल्लं होती. आम्ही ठेचा खात होतो, घोणशीच्या गोष्टी ऐकत होतो, सस्तन म्हणजे काय यावर हसत होतो, आणि ही बाहेर माती उकरत होती.

भाऊसाहेब बांधाकडे बघत उभे होते. त्यांचं काय चाललंय ते कळायला शेतकरी असायची गरज नव्हती. तळं काठोकाठ भरलेलं. बाग तोडणीला आलेली. बांध उकरायचा म्हणजे त्याच भरलेल्या पाण्याच्या भिंतीला भोक पाडायचं. कागद आतून फाटला, माती खचली, तर वर्षाचं पाणी शेजारच्या कांद्यात.

"फुटला तर?" ते हळू आवाजात म्हणाले.

मंगल उठली आणि खुरपं घेऊन चालायला लागली. नेसूची साडी पूजेची होती, काठापदराची, ती मातीत ओढली जात होती. कोल्हीण तिला येताना बघून मागे सरली, कांद्याच्या वाफ्यात गेली आणि तिथे बसून राहिली. पळाली नाही. मंगलने पहिला दगड उपसला तसे भाऊसाहेब धावले. "थांब, खुरपं नको, हातानं काढ. आडवं जा, आत नको जाऊ. मी बघतो, सरक." मग दोघं गुडघ्यांवर बसून हातांनी माती ओढायला लागली. ती माती आदल्या दिवशी मंगलनेच दगडाने ठोकून घट्ट केली होती. तिची नखं तुटली. ती स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होती, मला एवढंच ऐकू आलं, "आज नको रे देवा, आज नको."

तिथे मला कळलं तिचं काय पणाला लागलंय. लेकीच्या आणि नातवाच्या पूजेच्या दिवशी, त्यांच्याच काळजीपोटी, तिच्या हाताने दुसऱ्या एका आईची पिल्लं पुरली गेली होती. हे तिला कोणी म्हटलेलं नव्हतं. पण ती अश्विनीकडे एकदाही बघत नव्हती.

हातभर आत गेल्यावर माती भुसभुशीत लागली आणि हात पोकळीत गेला. भाऊसाहेबांनी कान लावला. काही नाही. ताईंनी कान लावला. काही नाही. मग ताईंनी हात वर केला, सगळ्यांना गप्प राहायची खूण केली, आणि त्यांचा चेहरा बदलला.

"आहेत. आवाज येतोय. चला, आता सगळे लांब व्हा. हात लावू नका कोणी. ती येऊन नेईल."

"येईल?" मंगलने विचारलं.

"यायला पाहिजे," ताई म्हणाल्या. शाळेतला आवाज नव्हता तो.

आम्ही घराच्या गच्चीवर गेलो. ताटातल्या घुगऱ्या तशाच. बाळ झोपलेलं. कोल्हीण बराच वेळ हलली नाही. मग पोट जमिनीला लावत आली, भोकात शिरली आणि तोंडात काहीतरी घेऊन बाहेर पडली. काळसर तपकिरी, मुठीएवढं, लोंबतं. ते घेऊन ती कांद्याच्या सरीतून पळत उसात गेली. परत आली. दुसरं नेलं. परत आली, तिसरं नेलं. मी रडत होते, भाऊसाहेब शेतकऱ्याला न शोभणारी शिट्टी मारायच्या बेतात होते.

ती चौथ्यांदा आली. या वेळी तिने तोंडातलं खाली ठेवलं. चाटलं. नाकाने ढकललं. परत चाटलं. ते हललं नाही. ती थोडी लांब गेली, परत आली, परत ढकललं. आता ही सोडून जाणार, असं मी मनात म्हटलं. निसर्ग कठोर असतो वगैरे आपण ऐकलेलं असतं ना. तिने ते मेलेलं पिल्लू उचललं, अगदी आधीच्या तिघांसारखं मानेला धरून, आणि उसात घेऊन गेली.

मी ताईंना विचारलं, "मेलेलं कशाला नेलं?"

"मला माहीत नाही," ताई म्हणाल्या.

मंगल पायऱ्या उतरून खाली गेली. थोड्या वेळाने मी गेले तर ती हौदाशी हात धूत होती. हात केव्हाच स्वच्छ झालेले, तरी धूत होती. ताई माझ्या मागे आल्या तेव्हा तिने मान वर न करता विचारलं, "ताई, तुम्ही शिकलेल्या. मला पाप लागंल का?"

ताई तिच्या शेजारी ओट्यावर बसल्या. "ते मला सांगता येणार नाही, मंगल. त्याला हवा मिळाली नाही म्हणून ते गेलं. तिघांना कुठल्यातरी फटीतून मिळाली. एवढंच मला कळतं. आणि तू उकरलं नसतंस तर चारही गेली असती, हेही कळतं." मंगलने मान हलवली, पण पटलं असं मला वाटलं नाही. मलाही पटलं नव्हतं. मी नुसता टॉवेल धरून उभी राहिले.

पूजा झाली, उन्हं चढल्यावर. अश्विनीने हट्ट धरला म्हणून. मंगल नको म्हणत होती, हात पूजेचे राहिले नाहीत म्हणाली. अश्विनी म्हणाली, "मग मी नाही जात सासरी." पाच खडे मांडले, हळदकुंकू वाहिलं, बाळाचं कपाळ पाण्याच्या बोटाने ओलं केलं. बाळाने दचकून डोळे उघडले आणि भोकाड पसरलं, आणि अश्विनीने तिथेच, बांधावर बसून त्याला पाजायला घेतलं. मंगल तिच्याकडे पाठ करून उभी होती.

आम्ही दुपारी निघालो. नाशिक ओलांडून हरसूलला आणखी एक मुक्काम करून तिथला बाजार बघायचा बेत होता, तो मुकाट्याने रद्द केला. चांदोरीशी ताई म्हणाल्या, "मी मुलांना व्याख्या लिहायला लावते. सस्तन प्राण्यांच्या मादीला दुग्धग्रंथी असतात. एका गुणाचा प्रश्न असतो." मी रेडिओ लावला, त्यांनी बंद केला.

तर ही सहल तुम्ही करावी का? करा. नांदूर मधमेश्वर थंडीत बघावंच. पेट्रोल, मिसळ, तिकीट, वाटाड्या सगळं धरून दोघींचं दोन हजारांच्या आत झालं. मरळ बघा, कमळपक्ष्याचा नवरा बघा. घरी येऊन मला किती दिवस झाले तरी मी दुकानात टीप मारता मारता थांबते. मला वाटायचं की अशा गोष्टी निष्काळजी माणसांच्या हातून होतात. मंगल बांधावर जितक्या काळजीने वागली तितक्या काळजीने मी कोणाशी वागलेली नाही. तरी झालं. याचं काय करायचं ते मला कळत नाही, आणि हे मी इथे सोडवून दाखवणारही नाही.

काल मंगलचा फोन आला. अश्विनी सुखरूप सासरी पोचली, द्राक्षांची तोडणी झाली, बांधाचं भोक भाऊसाहेबांनी परत बुजवलं, पण आधी सलग काही रात्री तोंडाशी राख पसरून, सकाळी पावलं उमटलीत का ते बघून मग. मी म्हटलं, छान. मग ती म्हणाली, "ताईंना इचारून सांगता का, कोल्हीण किती दिवस पाजती?"

मी ताईंना लगेच फोन लावला आणि परत तिला सांगितलं. दीड-दोन महिने, म्हणाल्या ताई.

"ऊसतोडीची टोळी परवा येणार हाय," मंगल म्हणाली. "कारखान्याचा नंबर लागलाय, आता माघारी धाडता येत नाय. ह्यांना म्हणलं, रस्त्याकडनं तोडा, सावकाश. वढ्याकडची बाजू मोकळी ठिवा, तिला पिल्लं काढून न्यायला येळ मिळंल."

"भाऊसाहेब काय म्हणाले?"

"काय म्हणायचंय. टोळीतल्या बायका पोरं घिऊन तिकडं पाचटाच्या कोप्या घालून राहणार होत्या, त्यांना आमच्या पडवीत उतरवतोय म्हणले. वढा मोकळा पायजे म्हून." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तीनच जायाची हायेत आता, वैशालीताई. चौथ्याला ती अजून शोधतीया का काय कोण जाणं. रोज सांजच्याला बांधाशी येऊन बसती. मी लांबनंच बघते. जवळ जायची माझी छाती होत नाय."

मी फोन ठेवला आणि ताईंना काही कळवलं नाही. त्यांना अजून मे महिन्यापर्यंत सस्तनांचा तो धडा शिकवायचा आहे.